जसा बांधला तसा सोडवला: देवगडच्या सड्यावरचा मांडव

आमच्या गावच्या शाळेला जानेवारीत शंभर वर्षं झाली, त्याचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता आणि त्यासाठी जो मांडव घातला त्यात बांबू आणि काथ्या सोडला तर बाकी जवळजवळ सगळं सामान गावातून उसनं आणलेलं होतं. खिळा एकही नाही, खड्डा एकही नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर जवळजवळ प्रत्येक वस्तू ज्याची त्याच्या घरी परत गेली. त्यानंतर बरेच जण विचारतायत की हे नक्की केलंत कसं, आमच्याकडे पण करायचंय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. मी आर्किटेक्ट आहे, गाव देवगड तालुक्यात, नोकरी कोल्हापूरला, आणि चौथीपर्यंत याच शाळेत होते त्यामुळे कमिटीतल्या गुरुजींनी फोन केला तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आधी दरवेळी काय व्हायचं ते सांगते म्हणजे आम्ही एवढी खटपट का केली ते कळेल. बाहेरून मांडववाला यायचा, लोखंडी पाइप, सॅटिनचं कापड, स्टेजमागे भलंमोठं फ्लेक्स, थर्माकोलची कमान (राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे तरी ती कुठून तरी यायचीच), आणि आमचं मैदान म्हणजे सडा, वर चार बोटं माती आणि खाली सरळ कातळ, तिथे खड्डा होत नाही म्हणून मशिनने भोकं पाडून सळया ठोकायचे. मांडव गेला की मागे काय उरायचं तर तारेचे तुकडे, स्टेपलरच्या पिना, प्लास्टिकचे टाय, आणि त्याच मैदानावर पोरं अनवाणी कबड्डी खेळणार. गुरुजींनी मला एकच अट घातली, मैदान आज जसं आहे तसंच्या तसं परत पाहिजे. मला ही अट इतकी आवडली की सगळं डिझाइन मी तिच्यावरच उभं केलं, म्हणजे पहिलं ड्रॉइंग मी मांडव उतरवण्याचं काढलं, कुठली गाठ आधी सुटणार, काय कोणाच्या टेम्पोत जाणार, आणि मग तिथून मागे मागे येत उभारणीपर्यंत पोचले.

असं काम जगात झालेलं आहे आणि ते बघून मला खूप धीर आला. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन शहरात २०१७ च्या डच डिझाइन वीकसाठी पीपल्स पॅव्हिलियन (म्हणजे एक तात्पुरता मंडप) बांधलं होतं, ते सगळंच्या सगळं उसन्या सामानाचं. लाकूड उसनं, पायाचे काँक्रीटचे पाइल (जमिनीत ठोकायचे खांब) उसने, काचा उसन्या, आणि अट अशी की परत देताना सामान खराब झालेलं चालणार नाही, म्हणून त्यांनी स्क्रू नाही, गोंद नाही, भोक नाही, सगळं पट्ट्यांनी आवळून बांधलं. शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टने १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं बांधली त्यांचा पाया म्हणजे बिअरचे क्रेट, आत वाळूच्या पिशव्या. पुढे २००० साली हॅनोव्हरच्या एक्स्पोत जपानचं पॅव्हिलियन त्यानेच केलं, तेही कागदी नळ्यांचं, तिथेही पाया वाळू भरलेल्या पेट्यांचा, म्हणजे प्रदर्शन संपल्यावर फोडायला काँक्रीटच नको. आणि आपल्याकडचं सांगायचं तर आर्किटेक्ट बिजॉय जैन यांनी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला एमपॅव्हिलियन नावाचं असंच तात्पुरतं पॅव्हिलियन केलं ते बांबू, दोर, दगड आणि कारवीचं. कारवी! आपल्या घाटात सात वर्षांनी फुलते ती, जिच्या कुडाच्या भिंती आपल्या आजी-पणजीच्या घराला होत्या. ते पॅव्हिलियन नंतर सोडवून मेलबर्नच्याच प्राणिसंग्रहालयात परत उभं केलंय.

पण खरं सांगू का, मला रस्ता सापडला तो घरातच. आमच्याकडे सिंधुदुर्गात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिची लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर असते आणि दरवर्षी नवीन असतं ते फक्त तिला बांधलेलं, कवंडळं, तेरडा, हरणं अशी रानातली फळं-फुलं, नारळ, सुपारीचे घोस. चौकट टिकाऊ, बाकी सगळं त्या दिवसांपुरतं आणि नंतर निसर्गात परत. मी ठरवलं की मांडवाचं पण हेच करायचं, बांबूचा सांगाडा शाळेचा स्वतःचा, तो वर्षानुवर्षं वापरायचा, आणि अंगावरचं सगळं उसनं.

मग यादी. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. दिवाळीनंतर मी सुट्टी काढून आले आणि गुरुजींबरोबर वाडी-वाडीने फिरले, वही घेऊन, मांगरात (म्हणजे बागेतल्या खोपटात) काय पडलंय, माळ्यावर काय आहे. कोकणात कुठली वस्तू कधी रिकामी असते ते हंगामावर असतं हे आपल्याला माहीत असतं पण डिझाइन करताना त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट जानेवारीत रिकामे, कारण आंबा मार्चशिवाय जोरात येत नाही. आंब्याच्या टेम्पोवाल्यांचे माल आवळायचे रॅचेटचे पट्टे, तेही रिकामे. मच्छीमारांचे चांगले दोर आणि जाळी मात्र मिळणार नाहीत, त्यांचा धंदा जोरात असतो, त्यांची सामग्री मोकळी होते ती जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आणि तेव्हा मांडव कोण घालतंय, पण फाटकी टाकून दिलेली नायलॉनची जाळी बंदरावर ढिगाने पडलेली. चिरे (घरबांधणीचे जांभ्याचे दगड) मिळाले कारण गावात एकाचं घर व्हायचं होतं आणि त्याने चिरे आणून रचून ठेवले होते, मुहूर्त गुढीपाडव्यानंतरचा. झावळ्या काय कोणीही देतो.

प्रत्येक वस्तूपुढे मी मालकाची अट लिहून घेतली, अगदी त्याच्याच शब्दात. क्रेटवाले काका म्हणाले, "आंबे येवच्या आदी माझे क्रेट मांगरात येवक होये." बचत गटाच्या काकी म्हणाल्या, "साडयो देतंव, पण फाडूच्यो नाय हां." चिरेवाल्याची अट होती की कोपरे तुटता कामा नयेत. या अटी म्हणजेच माझं डिझाइन ब्रीफ झालं, मापं पण त्यातूनच आली, क्रेट साधारण ५४ बाय ३६ सेंटीमीटरचा म्हणून भिंतीची लांबी त्याच्या पटीत, कारण अर्धा क्रेट हा प्रकार नसतो.

बांबू आम्ही विकत घेतला, माणगा जातीचा, आमच्याच भागातल्या शेतकऱ्यांकडून. माणगा जाड भिंतीचा असतो, बुंध्याकडे जवळजवळ भरीव, त्यामुळे दोर आवळला तरी चिरत नाही. दोनच लांब्या घेतल्या, दहा फूट आणि वीस फूट, आणि ठरवलं की कापायचा नाही, टोकं बाहेर आली तर येऊदेत, कारण एकदा कापला की पुढच्या वेळी तो तेवढाच उरतो. बांबू तीन-चार वर्षांचा पिकलेला हवा आणि पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला हवा, पावसाळ्यात नवे कोंब येतात तेव्हाचा बांबू घेतला तर त्याला भुंगा लागून आतून भुसा पडायला लागतो. बांबू कुठल्या पक्षात तोडायचा यावर आमच्याकडची म्हातारी माणसं फार काटेकोर आहेत, त्यांनी सांगितलं त्या दिवसांत तोडला, त्यात आमचं काही जात नव्हतं. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजत घातला. त्यासाठी हौद कुठून आणणार, तर त्याच चिऱ्यांच्या दोन ओळी रचून मध्ये ताडपत्री घातली आणि लांबच लांब हौद तयार झाला. एक लक्षात ठेवा, हे बोरॅक्स पावसात धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू पावसाळ्यात उघड्यावर ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात. आमचा सांगाडा फक्त पावसाळा सोडून वापरायचा असं पहिल्यापासूनच लिहून ठेवलंय.

आता वारा, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी होती. शाळा कड्याच्या वर, समोर समुद्र, दुपारनंतर खारे वारे सुरू झाले की डोक्यावरची टोपी राहत नाही, आणि निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) नंतर कोकणात वाऱ्याला हलक्यात घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. जानेवारीत चक्रीवादळ येत नाही तरी हिशोब हवाच. तो असा, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट, आणि आपल्या भारतीय मानकातलं सूत्र आहे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर, तर १३५ न्यूटन, सोप्या भाषेत प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ १४ किलो. आमचा एक भाग ९ बाय ६ मीटरचा, असे तीन भाग शेजारी शेजारी. एका भागाचं छप्पर ५४ चौरस मीटर, म्हणजे छपराला वर उचलणारा जोर साडेसातशे किलोच्या आसपास. खांब आठ, प्रत्येकाला साधारण ९५ किलो, त्यावर दीडपट सुरक्षितता, १४० च्या आसपास. एक चिरा आम्ही भाताच्या गिरणीत वजन करून बघितला, ३० किलोच्या आसपास भरला. म्हणजे खांबाला पाच चिरे पुरतात, आम्ही सहा ठेवले आणि कोपऱ्यांना आठ, कारण कोपऱ्यावर वारा जास्त ओढतो.

खांब जमिनीत पुरायचा नाही म्हणून खांबाच्या तळाशी दोन बांबूंची आडवी फुली बांधली, फुलीचे चार हात जमिनीवर टेकलेले आणि त्या हातांवर चिरे रचलेले. वारा खांब उचलायला गेला तर त्याला फुली उचलायला लागते आणि फुली उचलायला चिरे. ना चिऱ्याला सिमेंट लागलं ना कोपरा तुटला.

हा आकडेमोडीचा कागद मी आबांना दाखवला. आबा म्हणजे आमच्या पंचक्रोशीत आयुष्यभर लग्नाचे माटव घातलेला माणूस, वय झालंय पण नजर पक्की. त्यांनी कागद बाजूला ठेवला, मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "बाय, वारो वरसून दाबणा नाय, खालसून उचलता. कड्यावर चढान येता तो." आणि हे अगदी खरं होतं, समुद्रावरून आलेला वारा कड्याला आपटून वर चढतो आणि मांडवाच्या पोटात शिरतो. पोटात शिरलेल्या वाऱ्याला पूर्वेकडून बाहेर जायला वाट नसेल तर तो छप्पर घेऊनच जाणार. म्हणजे पूर्वेची बाजू उघडी राहायलाच हवी, आणि नेमकं तिथेच कमिटीला स्टेज हवं होतं, मागे वीस फुटी फ्लेक्स लावून, देणगीदारांच्या फोटोंसकट.

यावर कमिटीत बराच वाद झाला, मी आणि आबा एका बाजूला. शेवटी स्टेज उत्तरेला फिरवलं आणि फ्लेक्स रद्द झालं. त्याच्या जागी काकींनी गोळा केलेल्या जुन्या लुगड्यांच्या आणि साड्यांच्या लांब पट्ट्या सोडल्या, वर बांबूला गुंडाळून दोऱ्याने टाचलेल्या, खाली मोकळ्या, दोन पट्ट्यांत वीतभर अंतर. फाडलं काहीच नाही, आख्खी साडी घडी घालून पट्टी केली. वारा आला की त्या हलायच्या आणि वारा निघून जायचा. देणगीदारांची नावं पोरांनी सुपांवर रंगवली, सुपं पण उसनीच होती पण ती नंतर देणगीदारांनी मागून घेतली म्हणून मालकांना नवीन दिली.

पश्चिमेला क्रेटची भिंत, आडवे क्रेट, जाळीची बाजू वाऱ्याकडे, म्हणजे वारा थोडा अडतो थोडा गाळून येतो. तळातल्या रांगेत प्रत्येक क्रेटमध्ये एक चिरा आणि पूर्ण भिंत टेम्पोच्या पट्ट्यांनी आवळलेली. आतल्या बाजूने तेच क्रेट कपाट झाले, शाळेचे जुने फोटो, पहिल्या तुकडीचं हजेरीपत्रक, पोरांनी केलेली मातीची भांडी, सगळं त्यात मांडलं. प्रत्येक बागायतदाराच्या क्रेटवर त्याची रंगाने केलेली खूण असते, आम्ही एका मालकाचे क्रेट एकाच पट्ट्यात ठेवले म्हणजे परत देताना वेगळे करायला नकोत.

जोड सगळे काथ्याचे. नायलॉन बांबूवरून घसरतो, काथ्या खरखरीत असतो म्हणून धरून बसतो, आणि खाऱ्या हवेत त्याला काही होत नाही कारण तो मुळात खाऱ्या पाण्यात मुरवूनच काढलेला असतो. बाइंडिंगची तार आम्ही पूर्ण टाळली, समुद्राकाठी ती बघता बघता गंजते आणि गंजली की सुटत नाही, कापावीच लागते. गाठींवर आबांनी माझ्यासकट सगळ्या पोरांचा वर्ग घेतला. प्रत्येक जोडाला आधी घट्ट वेढे, मग मधून आडवे वेढे घेऊन ते आवळायचे, आणि शेवट सुरगाठीचा, निरगाठ मारायची नाही, आणि गाठीचं टोक नेहमी खांबाच्या पूर्वेकडे आणि हाताच्या उंचीवर म्हणजे सोडवणाऱ्याला शोधावं लागू नये. वरच्या कैच्यांचे (छपराच्या तिकोनी चौकटींचे) जोड जमिनीवर बांधूनच वर चढवले. तिरपे ताण प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना दिले, ते नसते तर नुसता चौकोन वाऱ्याने कलंडला असता, याबाबतीत कोणी कितीही म्हणालं की दिसायला बरं नाही तरी ऐकू नका.

छपराला ताडपत्री घालायला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण आम्हाला पाऊस अडवायचाच नव्हता, ऊन अडवायचं होतं, आणि ताडपत्री वारा धरते. बंदरावरची फाटकी जाळी आणून धुतली, वास जाईपर्यंत उन्हात टाकली, दुहेरी करून वाशांवर ताणली आणि तिच्यावर विणलेले झाप अंतर सोडून बांधले. झाप विणायला गावातल्या बायकांनी झावळ्या उभ्या चिरून पाण्यात भिजवून घेतल्या, ओली झावळ वळते, सुकी तुटते. ही जाळी समुद्रात गेली असती तर त्यात कासवं अडकून मेली असती, म्हणून ती वर आणली याचा मला जास्त आनंद आहे. सुके झाप पेटायला वेळ लागत नाही म्हणून विजेची एकही वायर छपरातून नेली नाही, दिवे एलईडी आणि वेगळ्या बांबूंवर, जेवणाची चूल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला आणि ठिकठिकाणी वाळूच्या बादल्या.

उभारणी माजी विद्यार्थ्यांनी केली, त्यात सांगण्यासारखं फार नाही, तयारी झालेली असली की काम पटापट होतं. प्रत्येक बांबूला रंगीत चिंधी आणि त्यावर नंबर होता, लाल भाग एक, पिवळा भाग दोन, हिरवा भाग तीन. एक नियम मात्र फळ्यावर लिहून लावला होता, वारा ठरलेल्यापेक्षा वाढला तर आधी माणसं बाहेर, मग झाप खाली. रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज बघायची जबाबदारी एका मुलावर होती आणि त्याने ती मनापासून केली. कार्यक्रमाच्या मधल्या दिवशी दुपारी चांगलाच वारा सुटला, लेझीम चालू होतं, झाप सळसळायला लागले, साड्यांच्या पट्ट्या आडव्या झाल्या, आबा एका खांबाला हात लावून उभे राहिले आणि मी फुल्यांवरचे चिरे बघत फिरले. एकही हलला नव्हता. लेझीम थांबलं नाही.

सोडवताना क्रम उलटा, आधी झाप, मग जाळी, मग कैच्या, मग खांब, शेवटी चिरे. सुरगाठी होत्या म्हणून सुरी कोणाला लागली नाही, काथ्याची वेटोळी करून शाळेच्या पेटीत ठेवली. क्रेट मोजून त्या त्या मांगरात पोचवले, काही फुटले होते ते कमिटीने भरून दिले, त्यासाठी पैसे आधीच बाजूला काढले होते आणि तुम्हीही काढाच, उसन्या सामानात तुटफूट धरूनच चालायचं. जाळी लोकांनी मागून नेली, माकडांपासून परसातली भाजी वाचवायला. झाप एका घराच्या गोठ्यावर आणि उरलेले माडांच्या आळ्यात. साड्या धुऊन परत, त्यातल्या काहींच्या काकींनी गोधड्या शिवल्या. चिरे आता भिंतीत बसलेत. गुरुजी आणि मी पोरांना घेऊन मैदानभर ओळीने चाललो, सापडली ती थोडी सुतळी आणि दोन चिंध्या.

बांबू शाळेच्या पडवीत आडवे ठेवलेत, जमिनीपासून वर, तीन ठिकाणी आधार देऊन म्हणजे वाकणार नाहीत. शिमग्याला शेजारच्या वाडीने एक भाग नेला आणि नंबरासकट परत आणून दिला.

ज्यांना करायचंय त्यांनी आमचं ड्रॉइंग जसंच्या तसं घेऊ नका, सामान तुमच्या गावात काय आहे ते आधी बघा. गुहागर-श्रीवर्धनकडे पोफळी (सुपारीची झाडं) आहेत, खांबाला जुनी पोफळ मिळत असेल तर बांबू कशाला. वाळूची पुळण (समुद्रकिनारा) जवळ असेल तर चिऱ्यांऐवजी पोती भरा पण वाळू परत तिथेच टाका. वजनाचा हिशोब तुमच्या जागेच्या वाऱ्याप्रमाणे आणि जाणकार स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून करा, तिथे अंदाज नको. आणि यादीला दिवाळीनंतर लगेच लागा, कारण एकदा फेब्रुवारी संपला की देवगडात कोणी तुम्हाला एक क्रेट देणार नाही.